एक हजार सात नंबरचा मालक

ही हकीगत अक्षर न् अक्षर खरी आहे. आईची शपथ घेतली असती, पण तिच्या नावावर माझ्या इतक्या शपथा आधीच पडल्यात की आणखी एकीला जागा नाही. तेव्हा गळ्याला हात लावून सांगतो, यातलं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. फक्त मधली पाच मिनिटं डोळे मिटलेले होते. वार मंगळवार होता. बुधवारही असू शकेल. पण गोष्ट खरी.

अशा गोष्टी रात्री घडाव्यात, पाऊस असावा, दिवे गेलेले असावेत, हे मलाही कळतं. माझा नाइलाज आहे. दुपारचे सव्वादोन वाजले होते, लख्ख ऊन होतं आणि माझं जेवण अंगावर आलं होतं, तेव्हा दादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ फोनवर 'हॅलो' वगैरे म्हणत नाही, थेट मुद्द्यावर येतो.

"तू त्या लॅबचे कॉम्प्युटर बघायचास ना?"

"बघायचो. दोन वर्षं झाली सोडून. का रे?"

"तुझ्या वहिनीचा रिपोर्ट तिथे अडकलाय. आत्ताच्या आत्ता जा."

वहिनीच्या मानेवर कानाखाली लिंबाएवढी गाठ आली होती. आठवड्यापूर्वी तिचा तुकडा काढून लॅबमध्ये पाठवला होता. रिपोर्ट आला: साधी गाठ, काळजीचं कारण नाही. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तिचा सर्जन होता खवट. त्याने आपल्या खोलीतून लॅबचे फोटो पाहायला घेतले, तर वहिनीच्या नमुन्याखाली फोटोंचे दोन संच दिसले. पहिला उघडला. दुसऱ्यावर बोट ठेवलं की एकच उत्तर: परवानगी नाही.

"तो म्हणतो, एकाच तुकड्याचे दोन संच का?" दादा म्हणाला. "पाच वाजता उद्याच्या ऑपरेशनची यादी लागते. तोवर दुसरा संच दिसला तर तो ठरवेल. नाही दिसला तर रिपोर्ट साधा आहे, घरी घेऊन जा म्हणतोय."

"मग साधा आहे ना? घरी न्या."

पलीकडे दादा खोलीबाहेर आला. मग हळूच म्हणाला, "अरे, गाठ आठ दिवसांत दुप्पट झालीय. मला काय डोळे नाहीत का?"

मी चपला घातल्या.

त्या लॅबबद्दल आधी सांगायला हवं, कारण तिची किळस मला अजून जिभेवर येते. तळघरातली लांबट खोली. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर बरण्या. बरण्यांत पिवळट पाण्यात माणसांचे तुकडे, कुणाचं काय ते विचारू नका. फॉर्मलिनचा वास आधी डोळ्यांत जातो, मग नाकात, आणि घरी गेल्यावर भातात येतो. मधोमध स्टीलचा ओटा, त्याला एक भोक, भोकाखाली बादली. नमुना आला की त्यातला भाग निवडून कापायचा, मेणात बसवायचा, मग यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या काढायच्या, काचेवर चिकटवून रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचे. सही करणारे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात. त्यांना फोटोत दिसेल तेवढंच ते लिहिणार. म्हणजे तळघरात सुरी कुठे चालते यावर माणसाचं नशीब. आणि हे सगळे फोटो ज्याच्या हातून जातात तो सर्व्हर, म्हणजे लिनक्स प्रणालीवर चालणारा मोठा कॉम्प्युटर, त्याच खोलीच्या कोपऱ्यात, बादलीपासून चार पावलांवर.

मी गेलो तेव्हा नव्या टेक्निशियन बाई एकट्याच होत्या. नव्या म्हणजे दोन वर्षांच्या. चेहरा सुकलेला, नाकावर मास्क, मास्कवर पुन्हा रुमाल.

"या, संगणकवाले," त्या म्हणाल्या. "तुमचीच वाट बघत होते. म्हणजे... तुमचीच असं नाही. कुणाचीतरी."

खुर्चीत बसलो आणि कळफलकाला हात लावला. हात उचलला. बटणांच्या फटींमध्ये काहीतरी पिवळं, ओलसर होतं. बोट नाकाशी नेलं. उकडलेल्या अंड्याचा बलक.

"बाई, इथे बसून अंडी खाता? शेजारी बादली आहे, निदान तिची तरी लाज बाळगा!"

"मी?" त्यांना उमासाच आला. "अहो, मला अंड्याचा वास सहन होत नाही. लहानपणापासून. घरात कुणी उकडलं तर मी गच्चीत जाऊन बसते."

मी कापसाने बटणं पुसली. कापूस टाकायला टोपली उघडली तर तिच्यात टरफलं होती. ताजी. आतल्या पांढऱ्या पडद्यासकट.

ते डोळ्याआड करून मी कामाला लागलो. वहिनीच्या नमुन्याचा फोल्डर काढला, मालक कोण ते पाहिलं. लिनक्सचा कारभार सरळ असतो. प्रत्येक फाईलीला एक मालक. मालकाला काय करता येईल, त्याच्या गटाला काय आणि बाकी जगाला काय, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं. पहिल्या संचाच्या मालक बाई होत्या, गट लॅबचा, सर्जनला वाचायची मुभा. सगळं ठाकठीक. दुसऱ्या संचाला मात्र फक्त मालकालाच वाचता येईल असं कुलूप होतं, आणि मालकाच्या जागी नाव नव्हतं. आकडा होता. १००७.

तो आकडा मी ओळखत होतो.

यंत्राला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक माणसाला एक आकडा आणि त्या आकड्यापुढे नाव लिहिलेली एक वही. माणूस सोडून गेला की वहीतलं नाव खोडायचं. पण त्याआधी त्याच्या साऱ्या फाईली शोधून दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करायच्या, हा आमच्या धंद्यातला नियम. नाहीतर नाव जातं आणि आकडा मागे राहतो, बेवारस. दोन वर्षांपूर्वी मी नाव खोडलं होतं. फाईली हवाली केल्या नव्हत्या. चाळीस हजार फाईली होत्या आणि मला त्या वासात आणखी एक तास बसायचं नव्हतं. आळस म्हणा. मी किळस म्हणतो.

१००७ म्हणजे चिमटेकाका.

बाईंच्या आधी तीस वर्षं तिथे तुकडे कापणारा म्हातारा. हातात कायम चिमटा, म्हणून हे नाव. कामाला देवमाणूस. त्यांच्या सुरीखालून रोगाचा कण सुटला नाही असं सगळे म्हणत. पण माणूस असा घाणेरडा की देवाने हात जोडावेत. ओट्यावर मांडी टेकून अंडी खायचे, आणि ती चिमट्यानेच उचलायचे. "हा वेगळा चिमटा आहे," असं वर म्हणायचे. कुठला वेगळा ते त्यांनाच ठाऊक. आणि कागद उलटायचा असो की काचेची पट्टी उचलायची असो, उजवा अंगठा आधी जिभेवर. हातमोजा नाही, काही नाही. कापायचं, चाटायचं, उचलायचं. शेवटी काय झालं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. पोटात काहीतरी वाढलं होतं एवढंच. त्यांच्याच टेबलावर त्यांचाच तुकडा आला आणि म्हणे त्यांनी तो स्वतः कापला. हे मी ऐकलेलं आहे. बाकीचं पाहिलेलं.

"या फाईली कधीच्या?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, तारीख समोर होती. वहिनीचा तुकडा आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, पहाटे पाच पन्नास. लॅब उघडते नऊला. आणि म्हाताऱ्याला जाऊन दोन वर्षं.

बाई दाराशी गेल्या, दार लोटलं आणि माझ्या कानाशी येऊन बोलल्या.

"पुसून टाका."

"काय?"

"तो संच. पुसून टाका ना... तुम्हाला येतं सगळं."

"बाई, तो माझ्या वहिनीचा आहे."

त्या स्टुलावर बसल्या. "हा पहिला नाही," त्या म्हणाल्या. "बेचाळीस झालेत. मी संध्याकाळी काम संपवून जाते, सकाळी येते तेव्हा सुरीच्या पात्यावर मेण असतं. यंत्राखाली चकत्यांचा चुरा. आणि बरणीचं झाकण... झाकणावर ओला अंगठा उठलेला. मी स्पिरिटने पुसते. वाळतच नाही तो, संगणकवाले. चिकट असतो."

"आणि फोटो?"

"उघडत नाहीत. मला तरी कुठे उघडतात? पण ते कुणाचे असतात ते कळलंय मला." त्यांनी रुमाल तोंडावर दाबला. "ज्या दिवशी मी घाई केलेली असते, त्याच दिवसाचे. माझा मुलगा तापाने फणफणला होता तेव्हाचे चार. तुमच्या वहिनींचा तुकडा आला त्या दिवशी माझी बस चुकली असती... मी लवकर आटपलं."

आता लक्षात आलं ना? बाईंनी जे अर्धवट कापलं, ते कुणीतरी पुन्हा कापत होतं. नीट. आणि फोटो काढून स्वतःच्या कुलपात ठेवत होतं, जिथे ते कुणालाच दिसणार नाहीत. बेचाळीस माणसं साधा रिपोर्ट घेऊन घरी गेली होती.

मी रूट झालो. रूट म्हणजे त्या यंत्रावरचा मालकांचा मालक, त्याला कुठलंच कुलूप अडवत नाही. मालक बदलायची आज्ञा दिली. उत्तर आलं: मुभा नाही. कुलूप काढायची आज्ञा दिली. मुभा नाही. नुसती वाचायची म्हटली तर तेही नाही.

यात भुताटकी काही नव्हती, माझीच करणी होती. फोटो साठवणारं खोकं वेगळं होतं, भिंतीपलीकडच्या कोठडीत बंद. मीच त्याला बजावून ठेवलं होतं की इकडचा राजा तिकडे आला तर त्याला भिकारी समज. चोरापासून रक्षण म्हणून तसं करतात. त्या खोक्याला पडदा नाही, कळफलक नाही, आणि त्याचे पासवर्ड ज्या कागदी वहीत लिहिले होते ती वही चिमटेकाकांच्या सामानात गेली. ते खोकं आता फक्त एकाच गोष्टीला ओळखत होतं. आकड्याला. १००७ आला तर दार उघडेल. दुसऱ्या कुणाला नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी फोन आला. वहिनी होती.

"भावजी, यंत्र बिघडलंय की मी? एकदाचं काय ते सांगा. तुमचे दादा इथे खोलीत इतक्या फेऱ्या घालतायत की फरशी झिजली तर बिल आपल्याला लावतील."

"झालंच वहिनी. दहा मिनिटं."

"तुमची दहा मिनिटं मला माहीत आहेत." ती हसली आणि मग हसणं मध्येच थांबलं. "गिळताना दुखतंय हो आज. यांना नाही सांगितलं. तुम्हीही नका सांगू."

फोन ठेवला. उपाय मला पहिल्यापासून माहीत होता. आमच्या धंद्यात सगळ्यांनाच माहीत असतो. नवं खातं उघडायचं आणि त्याला तोच जुना आकडा द्यायचा. यंत्राला नावाशी देणंघेणं नाही. ज्याचा आकडा १००७, तो १००७. त्याच्या फाईली त्याच्या, त्याचं घर त्याचं. थोडक्यात, तो व्हायचं.

म्हणून मी माझ्या नावाचं एक खातं केलं, आकड्याच्या जागी १००७ घातलं आणि आत शिरलो. डोळे मिटून घेतले. हीच ती पाच मिनिटं.

आधी चव आली. जिभेच्या मागच्या बाजूला, गार पडलेल्या बलकाचा कोरडा लगदा. त्याच्याखाली फॉर्मलिन. त्याच्याखाली मेण, दाढेत अडकलेलं, जीभ फिरवली की हलणारं. आणि सगळ्यात खाली, गोडसर, गंजलेलं असं काहीतरी, ज्याला मी नाव देणार नाही; तुम्ही नंतर जेवणार असाल. तोंडात काहीही नव्हतं. तरी गिळावं लागत होतं. आणि गिळताना... बरं वाटत होतं. किळस त्याचीच आहे. वर्षानुवर्षांची भूक असल्यासारखं बरं वाटत होतं.

मग उजवा अंगठा उठला. जिभेवर टेकला. सावकाश, सवयीने, एकदा इकडून, एकदा तिकडून. आणि माझ्याच तोंडून आवाज निघाला, दम लागलेला, म्हातारा.

"कोपरा सोडलास तू... कोपऱ्यातच असतं ते."

बाई किंचाळल्या नाहीत. त्यांचं स्टूल मागे सरकल्याचा आवाज तेवढा झाला.

डोळे उघडले तेव्हा फोटो उघडलेले होते. रंगवलेल्या चकत्यांवर काय असतं ते मला कळत नाही, पण ते पाहून कळायची गरज नव्हती. गुलाबी, शहाण्यासारख्या ओळीत बसलेल्या पेशी, आणि तुकड्याच्या कोपऱ्यात निळी-जांभळी गर्दी, एकमेकांच्या अंगावर चढलेली, उकिरड्यावर किडे वळवळावेत तशी. मी मालक बदलायला गेलो. होईना. लिनक्समध्ये मालकाला आपली मालकी दुसऱ्याला देता येत नाही, तेवढं फक्त रूटला जमतं. मालकाला एवढंच करता येतं की दार इतरांसाठी उघडं ठेवायचं. तेवढं केलं. वहिनीचा संच उघडला, मग उरलेले एकेचाळीस.

पाचला बारा कमी असताना दादाचा फोन.

"दिसलं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. उद्या सकाळी पहिलं नाव तिचं आहे."

वहिनी आज ठणठणीत आहे. मानेवर वण आहे आणि हसली की एकच बाजू हसते. दादा म्हणतो, उरलेलं अर्धं हसू माझ्या वाटणीचं होतं, मी आधीच वापरलं. एकेचाळीसपैकी किती वाचले, हे मी विचारलं नाही. काहींना उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी ते खातं पुसायला गेलो. दुपारची वेळ. बाई पाठमोऱ्या बसून डबा खात होत्या. खोलीत उकडलेल्या अंड्याचा वास होता. मी म्हटलं, तो आकडा काढून टाकतो, नाहीतर कुणाच्या हाती लागायचा.

"राहू द्या," त्या न वळता म्हणाल्या.

"अहो, पण..."

"राहू द्या म्हटलं ना. आता निदान दारं उघडी असतात."

मी राहू दिलं. त्यानंतर त्या लॅबचा एकही रिपोर्ट चुकलेला नाही. दुरून माणसं नमुने पाठवतात. बाईंचं नाव झालंय. मी परत पायरी चढलो नाही. म्हणजे उतरलो नाही, तळघर आहे ना.

आता यातलं खोटं काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही भलत्याच जागी शोधत बसाल. बरण्या खऱ्या, बादली खरी, टरफलं खरी, पहाटेच्या पाच पन्नासच्या फाईलीही खऱ्या.

ते खातं मी माझ्या नावाने केलं नव्हतं.

आकडा टाईप केला आणि नावाच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. भीती वाटली असती तर सांगायला बरं होतं. भीती नव्हती. त्या म्हाताऱ्याचा तो अंगठा, ती जीभ डोळ्यांसमोर आली आणि मला नुसती किळस आली. दादा फेऱ्या घालत होता, वहिनीला गिळता येत नव्हतं, आणि मला किळस आली. मी बाईंचं नाव घातलं. म्हटलं, "जरा इथे बसता का? माझे हात थरथरतायत." त्या बिचाऱ्या बसल्या. चव कशी होती ते त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि सांगताना ओठ पुसले. कोपऱ्याचं वाक्य त्या स्वतःच्याच तोंडाने बोलल्या, पडद्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघून. स्टूल मागे सरकलं ते माझं.

खोटं ते एवढंच. एक गोष्ट मात्र मला अजून लावता आलेली नाही. नव्या खात्याला पासवर्ड द्यावा लागतो. तो दिल्याशिवाय कुणालाही आत शिरता येत नाही. मी दिला नव्हता. "थांबा, पासवर्ड ठेवायचा राहिलाय," असं मी म्हणतच होतो, तोवर बाईंची बोटं बटणांवरून भराभर गेली, अकरा की बारा अक्षरं, आणि यंत्राने त्यांना आत घेतलं.